खोली कालच गेली

मला आयुष्यात दोन शिष्यवृत्त्या मिळाल्या. पहिली मॅट्रिकनंतर, पुण्याच्या कॉलेजात शिकण्यासाठी. दुसरी भांडण्यासाठी. ही दुसरी मला शिरूरच्या मालनबाईंनी दिली. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांची जिथे जिथे बदली झाली, तिथे तिथे एकट्या बाईला जागा द्यायला लोकांनी नाकं मुरडली होती, आणि ते सगळं त्यांनी मनात जपून ठेवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी बदलीवर फिरणाऱ्या मास्तरणी, नर्सबाया, तार ऑफिसातले कारकून अशा लोकांकडून थोडीथोडी वर्गणी जमवली आणि दर उन्हाळ्यात कॉलेजातल्या दोन विद्यार्थ्यांना कामाला लावायचं ठरवलं. काम असं की, जातीमुळे, धर्मामुळे किंवा नवरा नाही म्हणून ज्यांना भाड्याची खोली नाकारली जाते, त्यांना शोधायचं, त्यांची हकिगत लिहून घ्यायची, आणि नुसती लिहून न घेता त्यांच्याबरोबर घरमालकाच्या दारात जाऊन उभं राहायचं. सुट्टी संपताना तो अहवाल शाळेच्या हॉलमध्ये वर्गणीदारांसमोर वाचायचा. "लिहिताना विशेषणं नकोत," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "मालक दुष्ट होता असं लिहू नकोस. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही. तेवढं पुरतं."

आम्ही मिशनच्या लाईनीत राहायचो. लाईन म्हणजे एका ओळीत आठ खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब पडवी, आणि मागे घोड नदीकडे उतरत जाणारी पांढरी वाट. आबा, म्हणजे माझे वडील, मिशनच्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. आमच्या घराला सागाच्या भुश्शाचा आणि सरसाचा वास होता. आईने कितीही झाडलं तरी भाकरीच्या टोपलीत एखादी लाकडाची वळी सापडायचीच. सकाळी नगर रस्त्यावरून पहिली एस.टी. गेली की आबांचा रंधा सुरू व्हायचा, आणि तो थांबला की समजायचं, देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा होणार. संध्याकाळी आई बाजरीच्या भाकरी थापताना हलक्या आवाजात गीत म्हणायची आणि आबा पडवीतून तिची ओळ पुरी करायचे. रविवारी मटण असायचं, काळ्या मसाल्याचं, आणि त्या दिवशी लाईनीतल्या आठही घरांतून एकसारखा वास यायचा. आबा लाईनीच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी होते. कुठली खोली कुणाला द्यायची हे कमिटी ठरवायची, म्हणजे आबाच ठरवायचे.

जेवताना आबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. सुताराचं काम शिकायला ते नगरला गेले, तेव्हा त्यांना कुणी जागा दिली नाही. आमचे आजोबा बाप्तिस्मा घेण्याआधी महार होते, आणि आबांचं नाव कितीही बायबलातलं असलं तरी लोक दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे आडनावाला, तिथपर्यंत पोचायचेच. आबा दोन महिने एका लाकडाच्या वखारीत, ओंडक्यांच्या मधल्या जागेत झोपले. "विंचू निघायचे," ते सांगायचे, "पर त्यांनी कवा माझं आडनाव न्हाई इचारलं." आम्ही हसायचो. आईला हसू यायचं नाही. मालनबाईंनी मला निवडलं, तेव्हा आबांचा आनंद मावेना. लाईनीतल्या प्रत्येक घरी जाऊन ते सांगून आले की, आमची विमल लोकांना घरं मिळवून देणार आहे.

मालनबाईंनी मला दौंड दिलं. तिथे माझे मामा रेल्वेत फायरमन होते, म्हणून माझ्या राहण्याची सोय होती. शिरूरहून न्हावऱ्यावरून एस.टी.ने मी दौंडला उतरले, तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मामांचं क्वार्टर रुळांच्या अगदी कडेला. दिवसभर शंटिंगचा आवाज. डबे एकमेकांवर आपटले की मांडणीतल्या पितळ्या थरथरायच्या. मामीने अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या असायच्या, आणि इंजिनाची काजळी त्यांवर पडून पडून त्यांना राखाडी रंग यायचा. "दौंडच्या कुरडया अशाच," मामी म्हणायची, "तळल्या का समद्या सारख्याच." मामी तोंडाची फटकळ होती. मी आल्याचं तिला फारसं आवडलेलं नव्हतं, आणि माझं काम तर मुळीच पटलं नव्हतं. "लोकांच्या घरात खोली हाय का न्हाई ते तू कशाला बघतीस? तुला काय करायचंय?" असं ती रोज मला वाढता वाढता म्हणायची.

दौंड हे बदलीवाल्यांचं गाव. रेल्वेच्या माणसांना रेल्वेची क्वार्टर्स असायची, पण बाकीचे, मास्तर, तलाठी, पोस्टमन, सगळे खासगी घरमालकांच्या दारात. पंधरा दिवसांत माझी वही अर्धी भरली. सगळीकडे तेच दोन प्रश्न. पहिला, गाव कोणतं? दुसरा, आडनाव काय? आणि मग तेच एक उत्तर. मालनबाईंनी विशेषणं नको म्हटलं होतं, म्हणून मी ती वहीत लिहिली नाहीत. पण रोज मामांच्या मोरीत हातपाय धुताना मी ती मोठ्याने म्हणायचे. माझा राग तेव्हा कोवळा होता आणि मला तो आवडायचा. आपण बरोबर आहोत हे पक्कं ठाऊक असलं की रागासारखं दुसरं सुख नाही.

सुमनताई मला सरकारी दवाखान्यात भेटल्या. त्या तिथे नर्स होत्या, तिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांचा नवरा वारला होता आणि डोळ्यांनी अधू झालेली आई त्यांच्याजवळ होती. दोघी दवाखान्याच्या मागे औषधांच्या कोठीत, खोक्यांच्या मध्ये राहायच्या. डॉक्टरांनी आता कोठी महिनाअखेर रिकामी करायला सांगितली होती. नियम असा की, नर्सने दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहायचं. राहायला जागा नसेल तर बदली कुठेही, एखाद्या आडगावात, जिथे म्हातारीच्या डोळ्यांचं काहीच झालं नसतं. सुमनताईंनी चौदा घरं पाहिली होती. त्या मातंग समाजातल्या. त्यांतल्या तीन घरांत त्यांनी स्वतःच्या हातांनी बाळंतपणं केली होती. "बाळंतिणीच्या खोलीत चालते मी," त्या मला म्हणाल्या, "भाड्याच्या खोलीत न्हाई चालत." हे सांगताना त्या सुया उकळत होत्या आणि त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

मालनबाईंनी शिकवलेली एक रीत होती. एकाच घरी आधी एकाने जायचं, मग दुसऱ्याने, आणि दोघांना मिळालेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. स्टेशनजवळ एका निवृत्त गार्डाने तीन नव्या खोल्या बांधल्या होत्या. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मी माझं कॉलेजचं हिरवं पातळ नेसून गेले आणि पुण्याच्या मुलींसारखी बोलले. अण्णांच्या बायकोने मला आत बसवलं, कैरीचं पन्हं दिलं, खोली उघडून दाखवली, खिडकीतून वारा कसा येतो तेही दाखवलं. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. माझ्या बोलण्यावरून त्यांनी त्यांना हवं ते धरून घेतलं. अर्ध्या तासाने सुमनताई गेल्या. मी कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीआड उभी होते. त्या लगेच परत आल्या.

"काय म्हणाल्या?"

"खोली कालच गेली म्हन्ल्या. नातू चांगला हाय का इचारलं मी. व्हय म्हन्ल्या."

त्यांचा तो नातू सुमनताईंच्याच हातांवर जन्मला होता. मी त्यांचा हात धरून परत त्या दारात गेले. अण्णा ओट्यावर आले होते. मी विचारलं, "कालच गेलेली खोली मला आत्ता कशी दाखवलीत?" ते गडबडले नाहीत. मला वाटलं होतं, माणूस पकडला गेला की शरमतो. ते म्हणाले, "आमची स्वतःची काही हरकत नाही हो. पण बाकीच्या भाडेकरूंचं बघावं लागतं. तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्हाला कळेल." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कुणाची गं?" मी सांगितलं, शिरूरच्या मिशनच्या लाईनीतली. त्यांच्या बायकोने माझा पन्ह्याचा पेला बाकीच्या भांड्यांतून उचलला आणि ओट्याच्या टोकाला, मोरीच्या पन्हाळीपाशी नेऊन ठेवला.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. अस्पृश्यतेच्या कायद्यातलं राहत्या जागेबद्दलचं कलम मालनबाईंनी माझ्याकडून वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं होतं. ते मी फौजदारांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, वही मिटली, आणि माझ्याशी न बोलता सुमनताईंना विचारलं, "बाई, तुम्हाला घर पाहिजे का खटला?"

"घर," सुमनताई म्हणाल्या.

"मग माझ्याकडं कशाला आलात?"

तिथून बाहेर पडताना रागाच्या भरात मी ते वाक्य बोलले, जे परत घेता आलं असतं तर मी माझ्या आयुष्यातली कितीतरी वर्षं देऊन टाकली असती. मी म्हणाले, "सुमनताई, तुम्ही शिरूरला चला. तिथल्या दवाखान्यातही नर्सची जागा रिकामी आहे, बदली मागा. आमच्या लाईनीत टोकाची खोली मोकळी आहे. आबा सेक्रेटरी आहेत."

त्या चालता चालता थांबल्या. "आधी इचारून घे."

"विचारायचं काय त्यात? आबा माझे आहेत."

"तरी पन इचार."

मी विचारलं नाही. आबा दोन महिने वखारीत झोपले होते. त्यांना विचारणं हा मला त्यांचा अपमान वाटला.

पुढच्या रविवारी सुमनताई आणि त्यांची आई एस.टी.ने शिरूरला आल्या. मी आदल्या दिवशीच घरी आले होते; त्यांना घ्यायला स्टँडवर गेले. आबा पडवीत बसले होते, नुकतेच देवळातून आलेले. त्यांनी उठून म्हातारीला हात देऊन खुर्चीवर बसवलं. आईने आमच्या रोजच्याच कपांत चहा दिला. आबांनी म्हातारीच्या डोळ्यांची चौकशी केली, दौंडच्या उन्हाची केली. मी दारात उभी होते, आणि खरं सांगते, मला अभिमानाने भरून आलं होतं. मग आबा म्हणाले, "गाव कोणतं तुमचं?" सुमनताईंनी सांगितलं. "आडनाव?" सुमनताईंनी तेही सांगितलं. त्यांनी ते सांगतानाच चहाचा कप खाली ठेवला होता. त्यांना कळलं होतं. मला अजून कळलं नव्हतं.

आबांनी गळ्यातला रुमाल काढून घडी केली. "तुम्ही लांबून आला," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पर काय करणार. खोली कालच गेली."

टोकाच्या खोलीचं दार तिथून दिसत होतं. त्याला आबांचं कुलूप होतं आणि आत आबांच्याच फळ्या होत्या. सुमनताई उठल्या, त्यांनी आईच्या काखेत हात घातला आणि म्हणाल्या, "चल आये, गाडीला उशीर व्हईल." गाडीला अजून दोन तास होते. मी मागोमाग धावले, तर त्यांनी मान न वळवता सांगितलं, "तू घरी जा, विमल." मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. पायांखाली तापलेली माती होती आणि मला चपला घालायचं सुचलं नव्हतं.

घरात आल्यावर मी आबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. आबा म्हणाले, खोल्या विश्वासणाऱ्यांसाठी, म्हणजे ख्रिस्ती माणसांसाठी आहेत. मी म्हणाले, जंगल खात्याचा कारकून दोन वर्षं ह्याच खोलीत राहिला, तो कधी देवळात आला होता? आबा म्हणाले, तो मराठा होता, त्याच्यानं लाईनीची पत वाढली. मग त्यांनी खरं ते सांगितलं. "मांगाची हाय ती. आपुन मोठ्या मुश्किलीनं वर आलो, विमे. लाईनीतल्या पोरींची लग्नं व्हायची हायत. तुझंबी. लोक म्हणतील, ह्यांच्यात आता कोनबी राहतं." मी म्हणाले, "मग नगरच्या लोकांचं काय चुकलं होतं, आबा?" त्यांनी हात उगारला. मारलं नाही. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मटन आटलं," आणि पातेलं खाली उतरवलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

आता मी त्या दिवशीच्या आबांपेक्षा कितीतरी मोठी आहे. माझी नात पुण्यात फ्लॅट शोधते, तेव्हा दलाल तिला फोनवर गोड आवाजात विचारतो, मॅडम, तुम्ही नॉनव्हेज खाता का, आणि ती मला सांगते, "आजी, चिडून काय होतंय?" मला अजून चिडता येतं. मालनबाई गेल्यावर त्यांची शिष्यवृत्ती आम्ही काही जुन्या मुलींनी चालू ठेवली. दरवर्षी दोन विद्यार्थी निवडतो. ते हुशार असतात, त्यांना कायदा पाठ असतो. मुलाखतीत मी त्यांना एकच प्रश्न विचारते, "तुझ्या घरात रिकामी खोली आहे का? ती तुझे आईवडील कुणाकुणाला देणार नाहीत?" पुष्कळ जण गप्प होतात. काही जण चिडतात. मी चिडणाऱ्यांना घेते.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी मालनबाईंकडे गेले आणि विचारलं, "हे अहवालात लिहायचं का? आबांच्या नावानं?" त्या गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "दौंडच्या त्या अण्णांचं नाव लिहिताना मला विचारलं होतंस का?" मी नाही म्हणाले. "मग आताही विचारू नकोस."

शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. आबा आले होते. मला वाटलं होतं, ते येणार नाहीत. पण वर्गणीदारांत त्यांचंही नाव होतं, आणि आपली मुलगी वाचणार म्हणून त्यांनी इस्त्रीचा कोट घातला होता. मी त्यांच्यावर उलटेन हे त्यांच्या मनातही आलं नसावं. घरातली गोष्ट घरात राहते, असंच ते धरून चालले होते. मी एकेक घर वाचत गेले. अण्णांच्या घरापाशी लोकांनी चक् चक् केलं, आबांनीही केलं. मग मी पान उलटलं आणि वाचलं: शिरूर, मिशनची लाईन, टोकाची खोली. सेक्रेटरी, माझे वडील. त्यांचं वाक्य मी त्यांच्याच शब्दांत वाचलं. हॉलमध्ये कुणीही चक् चक् केलं नाही. आबा शेवटपर्यंत बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. संपल्यावर ते उठले, मालनबाईंना नमस्कार केला आणि निघून गेले. त्यानंतर सव्वा वर्ष ते माझ्याशी बोलले नाहीत. कमिटीने त्याच आठवड्यात ती खोली एका कंपाउंडरला दिली, म्हणजे प्रश्नच मिटला. माझ्या अहवालाने शिरूरमध्ये एवढंच झालं.

जे झालं ते दौंडला, आणि ते माझ्या हातून नाही. महिनाअखेरीला, मी शिरूरला असताना, कोठी रिकामी करून सुमनताई सामानासकट दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मामी पोटदुखीचं औषध आणायला गेली आणि तिने ते पाहिलं. माझ्याकडून रोज ऐकून ऐकून तिला सगळं तोंडपाठ झालं होतं. ती औषध न घेताच घरी आली, मामांना घेऊन परत गेली, आणि दोघांनी मिळून ट्रंका उचलून आणल्या. क्वार्टरच्या पडवीला तिने गोणपाटाचा आडोसा शिवला. रेल्वेच्या क्वार्टरात परक्याला ठेवणं नियमाविरुद्ध होतं. साहेबाला कळलं असतं तर मामांचं क्वार्टर गेलं असतं. मामा म्हणाले, "नोटीस आली तर बघू." मामी म्हणाली, "ऱ्हावा हितं. पर कुरडयांवर लक्ष ठिवा, कावळे लई हायत." सुमनताई तिथे दोन वर्षं राहिल्या, मग दवाखान्याने नर्सेससाठी खोल्या बांधल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी दौंडला गेले. सुमनताई पडवीत आईच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या. मी त्यांना सांगितलं की, मी सगळं वाचून दाखवलं, आबांच्या तोंडावर. मला वाटतं, त्यांनी शाबास म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी म्हातारीच्या गालावर ओघळलेला थेंब पदराने टिपला.

"अण्णाच्या दारात मी ड्यूटीच्या लुगड्यात गेले व्हते," त्या म्हणाल्या. "काय मिळनार ते ठाऊक व्हतं. तुमच्याकडं निघताना आयेला नवं लुगडं नेसवलं."

मग त्यांनी बाटलीला बूच लावलं आणि त्या दवाखान्यात निघून गेल्या.